‘गॅप’ नावाचा आजार: सहा वर्षांच्या कंबरदुखीचं एक प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बोरी नदीच्या पट्ट्यातलं कोरडवाहू गाव. बाई, वय ४८, शेतमजूर. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, म्हणजे कापसाची वेचणी ऐन भरात. या दिवसांत मजूर बाई दवाखान्यात येते ती फक्त बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजुरी तशीही बुडालेलीच असते. ताई नवऱ्यासोबत आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत दोन एमआरआय, चार एक्स-रे आणि रबरबँड लावून जपलेल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. रिकाम्या पट्ट्या आणणारा रुग्ण मला फार आवडतो. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते सोडा, पोटात काय गेलं ते पट्टीवरून कळतं.

तक्रार एका वाक्याची: “कंबर दुखस साहेब, रातले झोप लागत नही.” सहा वर्षांपासून कंबर, दोन वर्षांपासून डावा पाय, गेल्या वर्षभरात मान आणि दोन्ही खांदेही. दहापैकी किती दुखतं, तर आठ. आणि मी काही विचारायच्या आत त्यांचाच प्रश्न आला: “तो गॅप भराई जाई का?”

आपल्याकडे ‘मणक्यात गॅप’ हा आता स्वतंत्र आजार झाला आहे. अहवालात लिहिलेलं असतं की चकती झिजून दोन मणक्यांमधली जागा कमी झाली. ते दवाखान्याच्या टेबलावरून बाहेर पडेपर्यंत त्याचा ‘गॅप’ होतो, आणि ऐकणाऱ्याला नेमकं उलटं कळतं: मणके एकमेकांपासून सुटले, मध्ये फट पडली, वाकलो तर कणा मोडेल. ताईंनी दोन वर्षं नातवाला उचललं नव्हतं. कंबरेचा पट्टा झोपतानाही सोडत नव्हत्या. वेचणीला मात्र जात होत्या, कारण वेचणीला पर्याय नव्हता.

पट्ट्यांचा हिशेब असा निघाला: ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल दिवसाला दोन, कधी तीन. ट्रामाडॉल ३७.५ मि.ग्रॅ. अधिक पॅरासिटामॉलची गोळी दिवसाला चार. रात्री प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याचं औषध) ७५ मि.ग्रॅ. आणि मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२. शिवाय महिन्यातून दोन-तीनदा ‘दोन सुया’. या दोन सुयांमध्ये काय असतं ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला सांगायला नको: वेदनाशामक डायक्लोफिनॅक आणि स्टेरॉइड डेक्सामिथासोन. तीन वर्षं.

स्टेरॉइडच्या खुणा उघड होत्या: चेहरा गोल, दंडावर काळे-निळे डाग, रक्तदाब १६०/१००. खुर्चीतून हात न टेकता उठता येईना.

तपासणीत धोक्याच्या खुणा आधी पाहिल्या. ताप नाही, वजन घटलेलं नाही, लघवी-संडासवर ताबा आहे. मणक्याचा क्षय आपल्या भागात कधीच विसरून चालत नाही, म्हणून ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) सांगितला. स्टेरॉइड इतकं झालेलं असताना मणका दबून फ्रॅक्चर झालेलं असू शकतं, म्हणून नवा एक्स-रे. त्यात फ्रॅक्चर नव्हतं. पाय सरळ उचलून पाहिला तर कळ पायात उतरत नव्हती, मांडीमागे ताण जाणवत होता एवढंच. टाचेची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारखी, अंगठ्याची ताकद पूर्ण. पायातल्या वेदनेला मज्जातंतूच्या आजाराचा पोत नव्हता: जळजळ नाही, करंट नाही, ठरावीक पट्टा नाही. डीएनफोर प्रश्नावलीत १० पैकी २ गुण, आणि मज्जातंतूजन्य वेदना मानायला ४ लागतात. उलट, अंगठ्याने जेमतेम दाबलं तरी खांदा, दंड, मांडी, सगळीकडे दुखत होतं.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. तो केला नाही.

माझी चूक

ओपीडीत बाहेर चाळीस माणसं होती, एमआरआयवर ‘एल फोर-फाइव्ह (कंबरेचा चौथा-पाचवा मणका), नस दबली’ असं होतं, पाय दुखतो असं रुग्ण सांगत होती. मी प्रीगॅबालिन ७५ तीन वेळा केलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि आठ दिवसांनी बोलावलं. रिपोर्ट यायची वाट पाहिली नाही.

पाचव्या दिवशी ताई ओसरीच्या पायरीवरून पडल्या. मनगट खरचटलं, हाड वाचलं. “डोकं गरगरतं, बांधावर चालताना दारू पिल्यासारखं होतं,” असं नवरा सांगत होता. तोवर रिपोर्ट आला होता: क्रिएटिनिन १.७, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग) साधारण ३७. प्रीगॅबालिन जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. हा वेग (क्लिअरन्स) ३० ते ६० असेल तर डोस निम्मा करायचा असतो. म्हणजे मी दिलेले २२५ मि.ग्रॅ. त्यांच्या शरीरात ४५० सारखे वागत होते, वर ट्रामाडॉलची गुंगी. वेदनाशामकांनी बिघडलेल्या मूत्रपिंडावर मी माझंही एक औषध लादलं होतं.

आणि ते द्यायचं कारणही कच्चं होतं. सायटिकासाठी (कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या कळेसाठी) प्रीगॅबालिनची २०१७ साली ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांनी पायातल्या वेदनेत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस काही दिसलं नाही. चक्कर मात्र जास्त आली. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० मध्ये सायटिकासाठी गॅबापेंटिनॉइड (प्रीगॅबालिनच्या वर्गातली औषधं) देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि चाळीसाव्या रुग्णाच्या वेळी आठवणं यात अंतर आहे. प्रीगॅबालिन वाईट औषध नाही. मधुमेही न्युरोपॅथी, नागिणीनंतरची वेदना, तिथे ते कामाचं. कंबरेतून पायात काही दुखतंय एवढ्यावर ते लिहायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याशी माझं भांडण आहे, आणि त्या भांडणात दुसऱ्या बाजूलाही मीच आहे.

बाकीचे आकडे: सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) फक्त २.६ मायक्रोग्रॅम, शेवटच्या सुईनंतर बारा दिवसांनी. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. ईएसआर २४. पीएचक्यू-नाइन (नैराश्याची प्रश्नावली) १३, जीव नकोसा वाटतो का, हेही विचारलं, तसं नव्हतं.

आधी काय थांबवायचं

कोणतं औषध द्यायचं हा जुन्या वेदनेतला सगळ्यात लाडका प्रश्न आहे. या प्रकरणात पहिले तीन महिने फक्त औषधं काढण्यात गेले.

एनसेड (ॲसिक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं) त्याच दिवशी बंद. खानदेशातला उन्हाळा, अंगातून गेलेलं पाणी, रक्तदाब आणि रोजचं ॲसिक्लोफिनॅक, हे मिश्रण मूत्रपिंडाला पुरून उरतं. सुया बंद, पण स्टेरॉइड असं एकदम तोडता येत नाही. शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलची फॅक्टरी झोपली होती. प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ. सकाळी सुरू केलं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ताप, उलटी, ऑपरेशन असेल तर हा कागद डॉक्टरला दाखवा. हा कागद आजही त्यांच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये आहे. सुया बंद केल्यावर अंग मोडून येतं, सांधे दुखतात, आणि रुग्णाला वाटतं ‘बघा, सुईशिवाय जमत नाही’. ही माघारीची वेदना आहे असं आधीच सांगितलं नाही तर रुग्ण पंधरा दिवसांत परत सुईकडे जातो.

ट्रामाडॉल दोन आठवड्यांनी एक गोळी या वेगाने कमी केलं. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याखाली आहे, तरी ताईंकडे त्याच्या पट्ट्या होत्या आणि चिठ्ठी नव्हती. दुसरीकडे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिनची गोळी मिळवताना नातेवाइकांच्या चपला झिजतात, ते सोपं करणाऱ्या २०१४ च्या दुरुस्तीनंतरही. एकाच कायद्याखालची ही दोन टोकं रोज बघायला मिळतात. जुन्या कंबरदुखीत ओपिऑइडचा (ट्रामाडॉल, मॉर्फिनसारख्या औषधांचा) फायदा किती, याचं उत्तर आता बरंच स्पष्ट आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमध्ये २४० रुग्णांवर वर्षभर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या: ओपिऑइड गटाचं काम-हालचाल बिगर-ओपिऑइड गटापेक्षा सुधारलं नाही, वेदना तर थोडी जास्तच राहिली.

स्टार्टर

सगळं काढून घेतल्यावर रुग्णाला काय द्यायचं? निदान. तेही ‘काही नाही, मनाचं आहे’ असं नव्हे.

वेदनेचे तीन प्रकार आपण वाचलेले असतात: ऊतींच्या इजेची, मज्जातंतूच्या आजाराची, आणि २०१७ पासून मान्यता मिळालेली तिसरी, नोसिप्लास्टिक, जिथे इजेचा किंवा तंतूच्या आजाराचा पुरेसा पुरावा नाही पण वेदनेची यंत्रणाच हळवी झाली आहे. आजारांच्या जागतिक यादीत, आयसीडी-११ मध्ये, जुनाट वेदनेला स्वतःचा कोड मिळाला. टीकाकार म्हणतात, नोसिप्लास्टिक हे न समजलेल्या सगळ्याचं गाठोडं आहे, रक्तात किंवा स्कॅनमध्ये ते दाखवता येत नाही. टीकेत दम आहे. पण ताईंना हे नाव मी सांगणारच नव्हतो.

झोपेचं विचारलं तेव्हा खरी गोष्ट निघाली. शेतीपंपाची लाइट आठवड्याआड रात्रीची. नवरा रात्री एकला मोटर सुरू करायला जातो, साप-किरड्याची भीती म्हणून ताई बॅटरी घेऊन सोबत. मग पहाटे पाचला चूल. सहा वर्षांपूर्वी विहीर झाली, तेव्हापासून हे चालू. झोप मोडली की वेदनेचा उंबरठा खाली येतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कंबर कधीपासून दुखते आणि विहीर कधी झाली, हे दोन प्रश्न गेल्या सहा वर्षांत कुणी एका दमात विचारले नव्हते. मीही पहिल्या भेटीत नाही.

मग मी नवऱ्याला विचारलं, “आप्पा, मोटरचा स्टार्टर कधी उगाच ट्रिप होतो?”

“व्हस ना. रिले बारीक सेट व्हयी जास.”

“मग मोटर जळलेली असते?”

“नही. मोटर बरी ऱ्हास.”

ताईंच्या पाठीचा रिले बारीक सेट झाला आहे, जरा लोड आला की ट्रिप, हे त्यांना माझ्याआधी आप्पांनीच अहिराणीत समजावलं, हाताने रिलेची चकती फिरवून दाखवत. मी फक्त एवढी भर घातली की मोटर अगदी नवी नाही, थोडी झिजली आहे, पण त्या वयाची सगळ्यांचीच झिजते. २०१५ सालच्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले होते: विशीत ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या, ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. “गावातल्या तुमच्या वयाच्या दहा बायांचा एमआरआय काढला तर सात-आठ जणींचा ‘गॅप’ निघेल,” असं सांगितल्यावर ताईंनी ओळखीच्या बायांची नावं मोजायला सुरुवात केली.

हे बोलणं साधारण पंचवीस मिनिटं चाललं. अशा बोलण्याला आता औपचारिक रूप मिळालं आहे. वेदना धोक्याची नाही हे मेंदूला पुन्हा शिकवणाऱ्या एका उपचारपद्धतीची अमेरिकेत १५१ जणांवर चाचणी झाली, २०२२ साली प्रसिद्ध झाली. उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के वेदनामुक्त किंवा त्याच्या जवळ पोचले, प्लासिबो गटात २० टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे म्हणूनच सावध राहावं. ती माणसं बहुतेक शिकलेली, सौम्य ते मध्यम वेदनेची होती आणि रात्री मोटर चालवायला जात नव्हती.

एपिड्युरलचा वाद

जळगावला वेदनाचिकित्सा करणारा माझा एक जुना मित्र आहे. फिल्म मोबाइलवर पाठवल्या तर लगेच फोन: “पाठव. एक ट्रान्सफोरामिनल देतो, दोन महिने तरी बाई सुखात जाईल.” ट्रान्सफोरामिनल म्हणजे मणक्यात नसेच्या मुळाशी दिलेली स्टेरॉइडची सुई, एपिड्युरलचाच एक प्रकार.

त्याची बाजू हलकी नाही. नव्याने सुरू झालेल्या, तीव्र सायटिकात एपिड्युरलचा विचार करा असं ‘नाइस’ही म्हणतं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या शिफारशींनी वादळ उठवलं. तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या वेदनेत एपिड्युरल, फॅसेट ब्लॉक (मणक्याच्या सांध्यांना बधिर करणारी सुई), रेडिओफ्रिक्वेन्सी (नस तापवून निकामी करणं), यांपैकी काहीच करू नका, असं त्या समितीचं ठाम म्हणणं होतं. सुईवाल्या संघटनांनी लगेच हरकत घेतली: वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळ्या प्रक्रिया, वेगवेगळा दर्जा एकाच टोपलीत टाकलाय. मित्र त्यांच्या बाजूचा. तो म्हणतो, निवड चुकीची असेल तर कुठलीही सुई नापासच होणार. मला त्याचं हे पटतं. पण निवडीचा निकष लावला तर ताई बाद होतात: रॅडिक्युलोपॅथीची (नसेच्या मुळाला इजा झाल्याची) खूण नाही, पाय सरळ उचलून कळ नाही, आणि शरीरात आधीच इतकं स्टेरॉइड की अजून एक थेंबही नको. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग क्रिएटिनिन आधी सांगायचं ना.” तो फिल्म बघत होता, मी रुग्ण बघत होतो. पहिल्या भेटीत मीही फिल्मच बघत होतो.

वेदनेसाठी एक औषध दिलं. क्रिएटिनिन सहा आठवड्यांत १.२ वर आलं, ईजीएफआर ५६, आणि ट्रामाडॉल पूर्ण सुटलं, मग ड्युलोक्सेटिन (नैराश्यविरोधी, पण वेदनेतही वापरलं जाणारं) २० आणि पुढे ३० मि.ग्रॅ. ट्रामाडॉल चालू असताना ते दिलं नाही, दोन्ही मिळून सेरोटोनिन फार वाढेल या भीतीने. इथे गंमत बघा. ‘नाइस’च्या कंबरदुखीच्या २०१६ च्या पुस्तिकेत म्हटलं आहे की कंबरदुखीसाठी नैराश्यविरोधी औषधं देऊ नका. त्याच संस्थेच्या २०२१ च्या पुस्तिकेत प्राथमिक जुनाट वेदनेसाठी (जिच्यामागे दुसरा पुरेसा आजार सापडत नाही) ड्युलोक्सेटिनचा विचार करा असं आहे, आणि पॅरासिटामॉल, एनसेड, ओपिऑइड, गॅबापेंटिनॉइड सुरू करू नका असंही. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीत एनसेडनंतर दुसऱ्या पायरीवर ड्युलोक्सेटिन आणि ट्रामाडॉल दोन्ही ठेवली. म्हणजे ताईंच्या केसपेपरवर मी ‘कंबरदुखी’ लिहितो की ‘जुनाट प्राथमिक वेदना’, यावर गोळी बरोबर की चूक ठरणार. मी दुसरं लिहिलं. फायदा सरासरीने लहान असतो, हे त्यांना सांगून. रक्तदाब दर भेटीला मोजला, कारण ही गोळी तो वाढवू शकते.

“चालायला जा”

व्यायाम हा एकच उपचार आहे ज्यावर बहुतेक सगळ्या मार्गदर्शिका एकमत होतात. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नियमित चालणाऱ्यांची कंबरदुखी परत यायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२. (ते सगळे नुकतेच बरे झालेले होते, ताईंसारखे सहा वर्षांचे नव्हेत.) पण दिवसाला आठ तास वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ म्हणणं हा विनोद आहे. मी म्हणालो होतो. ताई हसल्या, आप्पाही हसले.

मार्गदर्शिका खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी लिहिल्या जातात. मजुराला हालचाल कमी पडत नाही, हालचालीतला बदल कमी पडतो. म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ताईंना वेचणीची नक्कल करून दाखवायला सांगितली. ओटी पुढून कंबरेला बांधलेली, भरली की आठ-नऊ किलो, तिला तोलण्यासाठी पाठ ताठ धरून वाकणं. ठरलं ते असं: ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, दोन ओळींनंतर एकदा सरळ उभं राहून हात वर. ताईंनी लगेच हिशेब मांडला. मजुरी किलोवर. ओटी दुप्पट वेळा रिकामी करायला गठ्ठ्यापर्यंत चकरा, म्हणजे दिवसाला चार-पाच किलो कमी. उपचाराची ही किंमत कुठल्याही शोधनिबंधात येत नाही. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: जावेसोबत जोडीने वेचायचं, ओटी आळीपाळीने एकीने न्यायची.

पट्टा मी बंद केला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेत पट्टा आणि कमरेला वजन लावणं, दोन्हीला नकार दिला आहे. पण ताईंनी पट्टा सोडला तो संघटनेमुळे नव्हे, तर मार्चमध्ये त्यात घाम येऊन खाज सुटली म्हणून. पट्ट्याशिवाय काही मोडलं नाही, हे त्यातून आपोआप कळलं.

रात्रीच्या मोटरचं काय? थोरल्या मुलाने सुरतहून ऑटो स्टार्टर पाठवला. ड्युलोक्सेटिनपेक्षा त्याचा फायदा जास्त झाला असं माझं मत आहे. सिद्ध करू शकत नाही.

आखाजी आणि नंतर

दुसऱ्या महिन्यात ताईंना विचारलं होतं, काय करता आलं म्हणजे बरं वाटेल? त्यांनी वेचणी सांगितली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, तिच्यासाठी खापरावरची पुरणपोळी करायची, दोन वर्षं शेजारणीकडून करून आणली होती. खापराची पोळी म्हणजे दोन्ही हातांवर झुलवत झुलवत हातभर पसरवायची आणि मग वाकून उलट्या खापरावर टाकायची. वाकणं, पसरलेले हात, चुलीचा जाळ, सगळं आलं. आधी पीठ नसताना नुसती ओढणी हातांवर झुलवायची, मग दोन पोळ्या, मग चार. आखाजीला अकरा केल्या. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, पण दवाखान्यात न येता दोन दिवस हलकं काम करून ती सुटलीही.

आता आठ महिने झाले. वेदना दहापैकी पाच. पीएचक्यू-नाइन ७. एचबीए१सी ६.६, साखरेची गोळी अजून चालू. रक्तदाब एका गोळीवर १३४/८६. नातवाला उचलतात.

जूनमध्ये पेरणीच्या घाईत एकदा दोन सुया घेऊन आल्या. लपवलं नाही, पट्टीसारखं रिकामं वायल पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. रागावलो नाही. कॉर्टिसॉलची तपासणी तीन आठवडे पुढे ढकलली. ती परवा केली, आदल्या दिवशीची प्रेडनिसोलोन वगळून: ७.१. दहाच्या वर येईपर्यंत गोळी सुटणार नाही, आणि ड्युलोक्सेटिन कधी कमी करायचं यावर माझं अजून ठरलेलं नाही. वेचणीच्या आधी की नंतर? ताई म्हणतात नंतर. बैलपोळ्यानंतरची तारीख दिली आहे. केसपेपरवर लिहिलंय: क्रिएटिनिन, बीपी, कॉर्टिसॉल, आणि यंदा जाऊ सोबत वेचायला येणार का ते विचारणे.